किलोचा माल, नगाचा भाव

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आलेलं लोखंडी भंगार शेवटी इंडक्शन भट्टीतच जातं. साधारण १६०० अंशांना त्याचा रस होतो, रसाची बिलेटं पडतात आणि बिलेट लाटून सळया निघतात. भट्टीवाल्याला या भंगारात तांबं मात्र नको असतं. लोखंडाच्या रसात एकदा मिसळलेलं तांबं काही केल्या वेगळं काढता येत नाही, आणि ते जास्त झालं की तापलेलं बिलेट लाटताना वरून फाटतं. म्हणून मोटारी, ट्रान्सफॉर्मर, जुनी पॅनेलं आधी फोडायची. तांबं एकीकडे, पितळ एकीकडे, उरलेला पत्रा ढिगावर.

जुना वीजमाल ऑनलाइन विकणाऱ्याचं काम या फोडाफोडीच्या आधी सुरू व्हायला हवं. हातोडा पडला की नगाचा भाव संपतो, मग उरतो फक्त किलोचा.

कॉन्टॅक्टरचंच बघा. बेकेलाइटचं काळं धूड, आत कॉइल, तीन फेजसाठी पॉइंटांच्या तीन जोड्या. कॉइलला वीज मिळाली की चुंबक खटकन ओढतो, पॉइंट जुळतात, मोटार फिरते. फोडणाऱ्याच्या लेखी त्यात कॉइलचं तांबं आणि पॉइंटांवरची चांदी, एवढंच. (बऱ्याच जुन्या पॉइंटांत चांदीबरोबर कॅडमियमही असे, तेव्हा ते घरच्या शेगडीवर गाळायचा उद्योग जिवावर बेतू शकतो.) जाणकार मात्र आधी फडक्याने नेमप्लेट पुसतो.

कारण कंपन्या मॉडेलं बदलतात, गिरणीतलं पॅनेल तेच राहतं. नव्या मॉडेलची भोकं जुन्या जागी बसत नाहीत, बसबार जुळत नाही. अख्खं पॅनेल बदलायचं तर मिल बंद ठेवावी लागते. भट्टीचं तर विचारूच नका : थायरिस्टर उडून वीज तुटली आणि वेळेत आली नाही, तर रस भट्टीतच थिजतो. अशा वेळी मेंटेनन्सवाला बंद झालेल्या मॉडेलचा नंबर टाकून मोबाइलवर शोधत बसतो. त्याच नंबरचा नग कुठल्या तरी भंगाराच्या ढिगातून नुकताच किलोवर गेलेला असतो.

हे शोधणं आता सोपं झालंय. बाझी डॉट कॉम ही खरेदी-विक्रीची साइट २००४ मध्ये ईबेने घेतली, ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये मिटलं. आता ओएलएक्स, इंडियामार्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप.

जाहिरातीत ‘चालू कंडिशन’ लिहिलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्या दोन शब्दांवर कोणी पैसे टाकू नयेत. कॉइल ११० व्होल्टची, २३० ची की ४१५ ची? ११० ची कॉइल २३० वर लावली तर लगेच जळते. मल्टिमीटरवर कॉइल दाखवली आहे का? नेमप्लेटचा आणि पॉइंटांचा जवळून फोटो आहे का? पॉइंट काळे दिसले तर बिचकू नका. चांदीवर तो काळेपणा येतोच आणि सहसा त्याने बिघडत नाही. खरी शंका घ्यावी ती लखलखीत पॉइंटांची. पॉलिश पेपर मारून माल चमकवला, तर काळेपणाबरोबर चांदीचा थरही झिजलेला असतो.

रेडिओच्या व्हॉल्व्हचं गणित वेगळं. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. रेडिओत वापरला जाणारा ईएल ८४ हा नऊ पिनांचा व्हॉल्व्ह व्हॉक्स एसी ३० या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही लागतो, त्यामुळे त्याचं गिऱ्हाईक परदेशातही असतं. त्यापायी धडधाकट रेडिओ फोडून सुटे व्हॉल्व्ह विकणं हिशेबात बसत असेल, मला ते पटत नाही. मेलेल्या रेडिओतले काढा, खुशाल विका.

एक माल मात्र कितीही भाव आला तरी विकू नये : जुने तेलाचे कपॅसिटर. त्यांतल्या काहींत पीसीबी नावाचं विषारी तेल असतं. सर्किट बोर्डाला आपण पीसीबी म्हणतो, ते हे नव्हे. केंद्राच्या २०१६ च्या आदेशाने या तेलाच्या वापराला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत घालून दिली. तेल कोणतं हे नुसतं बघून कळत नाही. तेव्हा नेमप्लेट गेलेला असा कपॅसिटर ना फोडायचा, ना जाहिरातीत टाकायचा. तो घातक कचरा हाताळायचा परवाना असलेल्याकडेच द्यायचा, पदरचं वाहनभाडं भरून.