फॉरेक्स कार्डाची तक्रार : ऐकीव काय, खरं काय

मावशी युरोपची टूर करून आली ती पासपोर्टात घडी घालून ठेवलेली एक चिठ्ठी घेऊन. पॅरिसमधल्या एका एटीएममध्ये तिने फॉरेक्स कार्ड घातलं, मशीन घरघरलं, नोटा आल्या नाहीत. मोबाइलवर मात्र २०० युरो वजा झाल्याचा मेसेज आला. "होतात आपोआप जमा," असं बसमधल्या दोघातिघांनी सांगितलं, म्हणून ती तीन आठवडे थांबली. तोवर चिठ्ठीवरची अक्षरं निम्मी उडून गेली होती.

हे 'आपोआप' भारतातलं आहे. इथे एटीएममधून नोटा न येता पैसे कापले गेले, तर बँकेने ते पाच दिवसांत परत करायचे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातला हा नियम लोकांच्या चांगला लक्षात आहे. पण तो देशातल्या देशात होणाऱ्या व्यवहारांनाच लागू आहे, हे कुणी सांगत नाही. परदेशातल्या मशीनबद्दल लेखी तक्रार आपणच द्यायची. मग आपली बँक व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फत त्या मशीनच्या बँकेकडे 'चार्जबॅक' मागते. ती बँक मशीनमधली नोंद आणि शिल्लक रोकड ताडून पाहते. रोकड जास्त भरली, तर पैसे परत मिळतात. यात काही आठवडे सहज जातात. चार्जबॅकची मुदत बहुतेक प्रकारांत १२० दिवसांची असली, तरी आपल्या बँकेला अर्ज त्याच्या बराच आधी हवा असतो. म्हणून चिठ्ठीचा फोटो तिथल्या तिथे काढावा. मशीनचा क्रमांक, वेळ आणि रक्कम त्यात स्पष्ट दिसली पाहिजे.

तक्रार मनी चेंजरकडे किंवा टूरवाल्याकडे करून भागत नाही. ते कार्ड विकतात. दावा चालवते ती कार्ड जारी करणारी बँक. तिचं नाव कार्डावरच असतं.

"प्रीपेड कार्ड आहे, चोरीला गेलं म्हणजे पैसे गेलेच," हाही गैरसमज. पैसे कार्डात नसतात, बँकेच्या नोंदीत असतात; कार्ड ब्लॉक केलं की उरलेली रक्कम सुरक्षित राहते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना आपली ना बँकेची अशा फसवणुकीत मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच भार नाही. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेची. पिन आपणच कुणाला सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कार्ड वापरलं गेलं तेव्हा आपण दुसऱ्याच देशात होतो, हे दाखवायला पासपोर्टवरचा शिक्का आणि बोर्डिंग पास फार उपयोगी पडतात.

हॉटेलने अनामत म्हणून अडवून ठेवलेली रक्कम म्हणजे दुहेरी बिल नव्हे. ती काही दिवसांनी सुटते. आणि दुकानातल्या मशीनने "रुपयांत की युरोत?" विचारल्यावर आपणच रुपये निवडले असतील, तर महाग दराबद्दलची तक्रार सहसा टिकत नाही.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. मावशीवर ती वेळ आली नाही. चिठ्ठी उजेडात तिरकी धरून आम्ही मशीनचा क्रमांक कसाबसा वाचला, अर्ज मुदतीत दिला आणि दुसऱ्या महिन्यात २०० युरो कार्डावर परत आले.