कढईंतलें तेल आणि इंजिनांतलें इंधन

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापुरास नवरात्राची यात्रा भरली, कीं भजी तळणाऱ्या कढयांत दिवसाअखेर काळपट, दाट तेल उरतें. तें पुनःपुन्हा तापवून वापरल्यास प्रकृतीस अपाय होतो; मोरींत ओतल्यास गटार तुंबतें. तळणाच्या तेलांतील विघटित, म्हणजे ध्रुवीय, द्रव्यांचें प्रमाण शेंकडा २५ हून अधिक झाल्यास तें वापरूं नये, असा नियम भारतांत १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मग त्याचें करावयाचें काय, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल.

तेलावर इंजिन चालतें, ही गोष्ट नवी नाहीं. इ. स. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. परंतु असें तेल डिझेलपेक्षां सुमारें दसपट दाट असतें. तें नीट फवारलें जात नाहीं, अर्धवट जळतें, आणि इंजिनांत काजळीचे थर साचतात. म्हणून त्याचें रूप पालटावें लागतें.

तेलाच्या रेणूंत ग्लिसरीनच्या एका खुंट्यास मेदाम्लांचीं तीन लांब दावीं बांधलेलीं असतात. मेथेनॉल या मद्यार्काच्या संयोगानें तीं खुंट्यापासून सुटतात व मेथेनॉलशीं जोडलीं जातात. पातळ बायोडिझेल वर राहतें, जड ग्लिसरीन तळाशीं बसतें. हा पालट आपोआप होऊं दिल्यास अतिशय मंद; त्याला वेग देतो तो उत्प्रेरक. सोयरीक जुळविणाऱ्या मध्यस्थाप्रमाणें तो दोन्ही पक्षांस एकत्र आणतो आणि कार्य उरकतांच स्वतः मोकळा होतो. साधारणतः कॉस्टिक सोडा हें काम सुमारें ६० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर करतो. मेथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्यानें हा प्रयोग घरीं करण्याजोगा मात्र नव्हे.

करडईच्या ताज्या, कोरड्या तेलाशीं सोड्याचें उत्तम जमतें; कढईंतल्या तेलाशीं जमत नाहीं. भज्यांतलें पाणी व उष्णता यांमुळें त्यांत मेदाम्लें सुटीं झालेलीं असतात. सोडा त्यांना गांठून साबण बनवितो. इंधन कमी मिळतें, आणि सोडाही खर्चीं पडतो.

या अडचणीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत उपाय निघाला. दरभा श्रीनिवास, पॉल रत्नसामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लोह आणि जस्त यांच्या संयुगाच्या घन उत्प्रेरकाविषयींचें संशोधन २००६ सालीं प्रसिद्ध केलें. त्याला उष्णता अधिक लागते. परंतु त्याचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो, सुट्या मेदाम्लांचा साबण न होतां त्यांचेंही इंधन बनतें, आणि तो गाळून पुन्हा वापरतां येतो.

जिल्ह्यांतील करडईचें ताजें तेल ताटांत जावें, हेंच उचित. इंजिनाच्या वांट्यास यावें तें टाकाऊ तेल. परंतु उत्प्रेरक कितीही गुणी असला, तरी दुकानदारानें कढईंतलें तेल डब्यांत सांठवून संकलकाच्या हवालीं केल्यावांचून त्याला काम मिळणार नाहीं.