घरात जपलेली भाषा

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरी कोणत्या भाषेत बोलता? शाळेत कोणत्या भाषेत शिकता? या प्रश्नांचा विचार करत तुम्ही हा पाठ वाचा.

युरोपच्या पश्चिमेला आयर्लंड नावाचे बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर केरी परगण्यात डिंगल हे छोटे बंदर आहे. गावाची वस्ती सुमारे दोन हजार. समोर अटलांटिक महासागर, मागे हिरवे डोंगर. मासेमारी, मेंढीपालन आणि पर्यटन यांवर येथील संसार चालतात.

या भागातील जुनी घरे दगडी आणि बुटकी असत. घराच्या मध्यभागी चूल असे. दलदलीतील माती कापून, उन्हात वाळवून तिचे तुकडे जळणासाठी वापरत. मैदा, ताक, मीठ आणि सोडा एकत्र मळून पाव करत. तो लोखंडी भांड्यात ठेवून झाकणावर निखारे पसरत. रात्री शेजारी चुलीभोवती जमत. म्हातारी माणसे गोष्टी सांगत आणि मुले ऐकत. त्या गोष्टी आयरिश भाषेत असत.

एके काळी आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक हीच भाषा बोलत. पण १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. परदेशात आणि नोकरीत इंग्रजीच उपयोगी पडे. म्हणून आईवडील मुलांशी इंग्रजी बोलू लागले. पाहता पाहता बहुतेक घरांतून आयरिश भाषा गेली. डिंगलच्या आसपास मात्र ती टिकून राहिली.

देश स्वतंत्र झाल्यावर सर्व शाळांत आयरिश शिकवली जाऊ लागली. तरीही पुस्तकातली भाषा मुलांच्या ओठांवर सहज येत नसे. यावर लोकांनी एक छान उपाय काढला. उन्हाळ्याच्या सुटीत शहरांतील मुले अशा गावांत येतात आणि सुमारे तीन आठवडे तेथील कुटुंबात राहतात. घरच्या बाईला सगळे ‘बॅन अन टी’ म्हणतात. याचा अर्थ ‘घरची बाई’. ती मुलांना जेवू घालते आणि त्यांच्याशी आयरिश बोलते. मीठ हवे असले तरी आयरिशमध्येच मागावे लागते! या पाहुणचारासाठी सरकार कुटुंबाला पैसे देते. मुलांना भाषा मिळते आणि घराला आधार मिळतो.

तरीही काळजी संपलेली नाही. जवळच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरील तरुण कामासाठी निघून गेले. मागे थोडीच माणसे उरली. शेवटी १९५३ साली सरकारने त्यांनाही किनाऱ्यावर आणून वसवले आणि बेट ओस पडले. आज डिंगल परिसरात पर्यटक खूप येतात, त्यामुळे घरे महाग झाली आहेत. येथील तरुण जोडप्यांना गावात घर मिळाले नाही, तर ती दूर जातील. मग चुलीजवळची ती भाषा कोण बोलणार?

मित्रांनो, शाळा भाषा शिकवते, पण तिला जिवंत ठेवते घर. तुम्ही उर्दूतून शिकता आणि मराठीही शिकता. दोन्ही भाषा तुमच्याच आहेत. आज घरी गेल्यावर आजीला किंवा नानीला तिच्या लहानपणची एक गोष्ट सांगायला सांगा. ती तिच्याच शब्दांत ऐका आणि उद्या वर्गात मराठीत सांगा.