ताळेबंद जुळल्यानंतरचं काम

ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळला की हिशेब बरोबर, असा सर्वसाधारण समज. रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी विभागात कंपन्यांचे आकडे तपासणाऱ्यांचं खरं काम त्यानंतर सुरू होतं.

यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचे हिशेब मला अजून आठवतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए-२१ पोर्टलवर भरलेले, एक्सबीआरएल या संगणकीय स्वरूपातले. देणी आणि मालमत्ता जुळलेली. नफ्याचं प्रमाण ठीक, कर्जाचं ठीक, सोबतच्या मागच्या वर्षाशी ताडून पाहिलं तर वाढही सरळ. आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी मात्र एकच ओळ पाहिली: पेड-अप कॅपिटल, म्हणजे भरणा झालेलं भागभांडवल, १,२०० रुपये. "शेअर किती आहेत ते बघ," त्या म्हणाल्या. शेअर होते १ कोटी २० लाख, दर्शनी किंमत १० रुपये. म्हणजे भांडवल १२ कोटी! छापील अहवालात आकडे लाखांत होते, भरणाऱ्याने ते जसेच्या तसे रुपयांच्या रकान्यात टाकले होते. दोन्ही वर्षांचे सगळेच आकडे लाखाने भागले गेले, म्हणून एकही गुणोत्तर बिघडलं नाही.

आणखी जुने लोक अठरा महिन्यांच्या 'वर्षा'बद्दल सांगत. २०१३ च्या कंपनी कायद्याआधी एप्रिल ते मार्च हेच वर्ष धरण्याची सक्ती नव्हती. हिशेबाचं वर्ष लांबवताही येई. अशा कंपनीची विक्री, खर्च, नफा १२ महिन्यांच्या मापात आणायचा, पण ताळेबंदाला हात लावायचा नाही, हा विभागाचा दंडक. विक्री वर्षभर साठत जाते, कर्ज मात्र त्या एका तारखेला जेवढं असेल तेवढंच. नव्या माणसाला हे पटवून द्यायला वेळ लागे, पण एकदा पटलं की तो आकड्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागे.

पेड-अप कॅपिटलवर एवढा डोळा ठेवायचं कारण देशाच्या हिशेबात आहे. राष्ट्रीय उत्पन्नात खासगी कंपन्यांचा वाटा काढताना पूर्वी रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासातल्या सुमारे २,५०० कंपन्यांचा आधार घेत. नमुन्यातल्या कंपन्यांचं भांडवल एकूण भांडवलाच्या किती, त्या प्रमाणात आकडे फुगवत. २०१५ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांची नवी मालिका आली, लाखो कंपन्यांचे हिशेब थेट एमसीए-२१ मधून घेतले जाऊ लागले. तरीही ज्यांनी हिशेब भरलेच नाहीत त्यांच्यासाठी भांडवलाच्या प्रमाणात आकडे फुगवणारा तोच गुणक राहिला. न भरणाऱ्यांतल्या किती कंपन्या खरोखर चालू आहेत, यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. माझ्या मते तो वाद रास्त होता. बंद पडलेल्या कंपनीचंही भांडवल कागदावर राहतं, आणि गुणक तिलाही चालू कंपनीइतकीच कमाई देऊन टाकतो.