स्कार्फ बांधूनही बास्केटबॉल

वाशिमच्या आमच्या मुली दहावीपर्यंत मैदानावर दिसतात. कॉलेज लागले की अनेकींचा खेळ सुटतो. घरच्यांची पहिली शंका कपड्यांची. त्यांना आम्ही २०१७ साल सांगतो. त्या वर्षी नवे सर्बियन प्रशिक्षक झोरान विसिच यांच्या हाताखाली भारतीय महिला संघाने बंगळुरूत कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून आशिया चषकाचा ‘ब’ गट जिंकला. संघात पुण्याची शिरीन लिमये होती.

२०१४ मध्ये कतारच्या मुलींनी स्कार्फला मनाई झाल्याने आशियाई स्पर्धा सोडली होती. ऑक्टोबर २०१७ पासून ‘फिबा’ने ती मनाई उठवली, चेहरा उघडा हवा आणि स्कार्फची टोके लोंबकळू नयेत, अशा काही अटींसह. पालकहो, कॉलेजच्या प्रशिक्षकांना भेटा, सरावाची वेळ विचारा आणि मुलीला खेळू द्या.