गाडी कुठली धरायची?

वय २० पूर्ण, हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं, म्हणून ट्रकचंही लायसन्स निघालं. आता पुढे? खांडबाऱ्याच्या आसपासच खेपा मारल्या, तर रात्री घरची भाकरी मिळते आणि बाहेरून परीक्षाही देता येते. विसरवाडीहून सुरत-धुळे लाईनला लागलात, तर वर भत्ता मिळतो. पण कोंडाईबारीचा घाट अंधारातही चढावा लागतो.

मालकाला पगाराआधी तास विचारा. ५ किंवा जास्त कामगार असतील, तर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा लागायचा. दिवसाचे ८ तास ही त्याची साधारण मर्यादा होती. पैसे खेपेवर असतील, तर माल भरेपर्यंत थांबलात त्याचे कोण देणार? ते कोणी देत नसेल, तर माणूस झोप मोडून खेप वाढवतो. म्हणून पहिलं वर्ष जवळच काढा. घाट कुठे पळून जात नाही!