छंदाची आगगाडी आणि महागाईचा चढ

महागाईचा दर तुम्ही वर्तमानपत्रात वाचता: चार टक्के, पाच टक्के. रिझर्व्ह बँकेला सरकारने ठरवून दिलेले लक्ष्यही ४ टक्क्यांचे आहे, दोन टक्के इकडे-तिकडे. पण हा आकडा सगळ्या देशाचा सरासरी आकडा असतो. धान्य, भाजी, घरभाडे, औषधे, प्रवास अशा शेकडो वस्तू आणि सेवा एका टोपलीत घालून तो काढतात. तुमच्या घरची टोपली तशीच असेल असे नाही. ज्या घरात दोन मुले महाविद्यालयात आहेत, त्यांची महागाई निराळी. ज्या घरात मधुमेहाचे औषध रोज लागते, त्यांची निराळी. आणि ज्याला एखादा महाग छंद आहे, त्याची तर फारच निराळी.

या लेखात आपण असाच एक छंद घेऊ: मॉडेल रेल्वे, म्हणजे खऱ्या आगगाडीची मोजमापाने केलेली, रुळांवर विजेने धावणारी छोटी प्रतिकृती. तुम्हाला हा छंद नसेल तरी वाचा. कॅमेरा, सायकल, पेटी-तबला, मत्स्यपेटी, बाहेरून मागवायची कोणतीही वस्तू असो, हिशेब हाच आहे.

किंमत का वाढते?

या छंदाचे माहेर युरोप. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावची मर्कलिन कंपनी १८५९ पासूनची. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० मध्ये चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. पुढे विजेवरच्या गाड्या आल्या. ब्रिटिश गाड्यांचे प्रचलित प्रमाण १:७६, बाकी जगात बहुतेक ठिकाणी १:८७. दोन्ही १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावतात.

१९९० च्या दशकात ब्रिटिश गाड्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये गेले. तिथे मजुरी स्वस्त होती, म्हणून त्याच पैशात अधिक बारकाव्याचे इंजिन मिळू लागले. ग्राहकाला वाटले, ही किंमत कायमची. पण नंतर चीनमधली मजुरी वर्षानुवर्षे वाढत गेली. या इंजिनांचे बारीक भाग हाताने बसवावे लागतात, रंगाच्या रेघा आणि अक्षरे टप्प्याटप्प्याने छापावी लागतात. ज्या कामात हात जास्त, तिथे मजुरी वाढली की किंमत वाढणारच.

दुसरे कारण साच्याचे. प्रत्येक नव्या इंजिनासाठी धातूचा साचा बनवावा लागतो आणि तो खर्च विकल्या जाणाऱ्या नगांवर वाटला जातो. समजा साच्याला ५० लाख रुपये लागले. ५,००० इंजिने खपली तर एका इंजिनावर १,००० रुपये पडतात. ५०० च खपली तर १०,००० रुपये. मुलांच्या हातातून हा खेळ मोठ्यांच्या कपाटात गेला, तसे एकेका प्रकाराचे नग कमी निघू लागले. भारतीय रेल्वेच्या इंजिनांच्या प्रतिकृती दुर्मीळ आणि महाग का, याचे मोठे उत्तरही यातच आहे: घेणारे थोडे.

तिसरे कारण असे की वस्तूच बदलली. पूर्वीच्या इंजिनात एक मोटर आणि चाके असत. आजच्या इंजिनात संगणकी चिप असते, ती शिट्टी वाजवते, दिवे लावते आणि एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने चालवू देते. म्हणजे किमतीतली काही वाढ ही महागाई नसून जादा सोयींचे पैसे आहेत. हा फरक ओळखायला शिका. दुकानदार नवी, अधिक सोयींची वस्तू दाखवतो आणि आपण म्हणतो "सगळेच महागले". साधी वस्तू अजून मिळते का, हे विचारायचे राहून जाते.

किमती वाढल्या म्हणजे कंपन्या गब्बर झाल्या, असेही नाही. मर्कलिनने २००९ मध्ये, आपल्या दीडशेव्या वर्षी, दिवाळखोरीचा अर्ज केला होता. नंतर ती सावरली. खरेदी करताना हेही ध्यानात असू द्या: मोठ्या नावाला आगाऊ दिलेला पैसाही पूर्ण सुरक्षित नसतो.

भारतात येईपर्यंत काय होते?

परदेशी वस्तूची किंमत आपल्याकडे तीन पायऱ्या चढून येते: मूळ किंमत, रुपयाचा भाव आणि सीमाशुल्क. खेळणी आणि लघुप्रतिकृतींवरचे मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा त्यामागचा हेतू. ते योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. आपण फक्त हिशेब पाहू.

१०० डॉलरचे एक इंजिन घ्या.

• २०१९: डॉलर सुमारे ७० रुपये. किंमत ७,००० रुपये, २० टक्के शुल्क १,४०० रुपये. एकूण ८,४०० रुपये.

• २०२४: डॉलर सुमारे ८४ रुपये. किंमत ८,४०० रुपये, ७० टक्के शुल्क ५,८८० रुपये. एकूण १४,२८० रुपये.

परदेशातल्या दुकानदाराने एका सेंटनेही भाव वाढवला नाही, तरी आपल्याला तेच इंजिन पाच वर्षांत ७० टक्क्यांनी महाग पडले. आता त्याने भाव १२५ डॉलर केला असेल तर? १०,५०० रुपये किंमत आणि ७,३५० रुपये शुल्क, म्हणजे १७,८५० रुपये. दुपटीहून जास्त. टपालखर्च, वस्तू व सेवा कर आणि इतर आकार यात धरलेले नाहीत. परदेशी चलनातल्या व्यवहारावर कार्ड देणारी बँक वेगळे शुल्क लावते, तेही यावर. शुल्काचे दर बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी त्या दिवशीचा दर तपासा आणि घरपोच पडणारी किंमत कागदावर मांडा. संकेतस्थळावर दिसणारा आकडा ही तुमची किंमत नव्हे.

बचत कशी करायची?

समजा आज एका इंजिनाची घरपोच किंमत १८,००० रुपये आहे आणि तुम्हाला ते दोन वर्षांनी घ्यायचे आहे. बहुतेक जण १८,००० ला २४ ने भागतात, व्याज गृहीत धरून महिना ७०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करतात. साडेसहा टक्के दराने दोन वर्षांनी साधारण १८,००० रुपये हातात येतात. पण या छंदातले भाव वर्षाला १० टक्क्यांनी वाढत असतील, तर तोवर त्याच इंजिनाची किंमत २१,७८० रुपये झालेली असते. जवळजवळ ३,८०० रुपये कमी पडतात. नेमक्या याच वेळी माणूस क्रेडिट कार्ड काढतो.

म्हणून लक्ष्य आजच्या किमतीचे धरू नका, खरेदीच्या दिवशीच्या किमतीचे धरा. वरच्या उदाहरणात महिना ८५० रुपये भरले तर दोन वर्षांनी सुमारे २१,८०० रुपये जमतात. फरक महिन्याला फक्त १५० रुपयांचा.

मनातल्या मनात हिशेब करायला ७२ चा नियम सोपा आहे. ७२ ला वाढीच्या दराने भागा, दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात. ४ टक्क्यांनी १८ वर्षे, साडेसहा टक्क्यांनी सुमारे ११ वर्षे, १० टक्क्यांनी सुमारे ७ वर्षे. आता बघा: ठेव ११ वर्षांत दुप्पट होते आणि वस्तूची किंमत ७ वर्षांतच. अशा वस्तूसाठी पंधरा वर्षे पैसे साठवत बसण्यात अर्थ नाही. एक तर दोन-तीन वर्षांचे लहान लक्ष्य ठेवा, नाहीतर वस्तूच बदला.

"भाव वाढण्याआधी घेऊन टाका"

ही घाई सगळ्यात महाग पडते. बँकेच्या काउंटरवर अशा खरेदीसाठी मुदत ठेव मोडायला येणारे खातेदार आम्ही पाहतो. समजा ५०,००० रुपये तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले आहेत आणि वर्षभरात मोडले. मग ठरलेला दर मिळत नाही. वर्षभराच्या ठेवीचा त्या वेळचा दर, समजा साडेसहा टक्के, धरून त्यातून दंड म्हणून एक टक्का वजा होतो. व्याजात सुमारे ७८५ रुपयांचे नुकसान. पण खरे नुकसान ते नव्हे. ती ठेव आजारपणासाठी किंवा नोकरी गेल्यास घर चालवण्यासाठी ठेवलेली असेल, तर इंजिन कपाटात येते आणि आधार जातो. कपाटातले इंजिन रात्री दोन वाजता रुग्णालयात अनामत म्हणून भरता येत नाही.

कार्डाचे बिल थकवून खरेदी करणे त्याहून वाईट. महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर. १८,००० रुपयांवर पहिल्याच महिन्यात ६३० रुपये. भाव १० टक्क्यांनी वाढेल म्हणून ४० टक्क्यांचे कर्ज काढणे हा सौदा कोणत्याच गणितात बसत नाही. "बिनव्याजी हप्ता" दिसला तरी प्रक्रिया शुल्क आणि हुकलेली रोख सवलत मोजा. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज बहुधा शुल्काच्या रूपाने लपलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

ही गुंतवणूक आहे का?

"किंमत वाढतेच आहे, पुढे विकू" असे म्हणून मनाला समजावू नका. नव्या वस्तूची किंमत वाढली म्हणून तुमच्या जुन्या वस्तूला तेवढा भाव येत नाही. विकताना गिऱ्हाईक शोधावे लागते, चाचणी करून दाखवावी लागते, मूळ खोका आहे का ते विचारतात. कंपनीने तेच इंजिन नव्याने काढले तर जुन्याचा भाव एका दिवसात उतरतो. बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळते आणि प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. इंजिनाला यातले काहीच नाही. छंदावरचा खर्च हा आनंदावरचा खर्च आहे. तो तसाच मांडा, म्हणजे त्याचा अपराधही वाटणार नाही आणि भ्रमही राहणार नाही.

फसवणुकीपासून सावध

परदेशातून पार्सल मागवणाऱ्यांना हमखास येणारा संदेश असा: "तुमचे पार्सल सीमाशुल्क विभागात अडकले आहे, या दुव्यावर पैसे भरा." तुम्ही खरोखरच पार्सलची वाट पाहत असता, म्हणून विश्वास बसतो. सीमाशुल्क विभाग कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. कुरिअर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पार्सल क्रमांक स्वतः टाकून खात्री करा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. कार्डाची आंतरराष्ट्रीय सुविधा खरेदीपुरती चालू करा, काम झाले की बंद करा.

छंद सोडायचा का?

मुळीच नाही. खर्चाची गाडी रुळावर ठेवायची.

• आधी निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला, मग छंद.

• छंदासाठी वेगळी आवर्ती ठेव काढा. त्यात आहे तेवढेच खर्च करा.

• इंजिन विकत घ्या, पण स्टेशन, फलाट, घरे, झाडे पुठ्ठ्याची आणि थर्माकोलची घरी करा. डबे आणि वाघिणीही पुठ्ठ्याच्या करणारे हौशी आपल्याकडे आहेत. खरा आनंद बराचसा तिथेच असतो.

• चालू स्थितीतले जुने इंजिन चालवून पाहून घ्या.

• मित्रांनी मिळून एक मांडणी करा. रूळ सर्वांचे, इंजिन ज्याचे त्याचे.

• पाहण्याची हौस असेल तर पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. घरातल्या मुलांना घेऊन जा. तिकिटाच्या पैशात पूर्ण शहरभर धावणाऱ्या गाड्या बघायला मिळतात.

येत्या रविवारी एक वही घ्या. तुमच्या छंदातल्या कोणत्याही तीन वस्तूंची आजची घरपोच किंमत तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. वर्षभरात तुमच्या स्वतःच्या महागाईचा दर तुमच्या हातात असेल. पुढच्या आवर्ती ठेवीची रक्कम त्यावरून ठरवा.